‘यापैकी जे आधी’ : गाडीच्या पुस्तिकेतल्या एका वाक्याची चिकित्सा



या व्याख्यानमालेत आपण एरवी ग्रंथांची चिकित्सा करतो. आजही ग्रंथाचीच करणार आहोत. फरक इतकाच, की हा ग्रंथ कपाटात नसतो. तो गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या कागदाखाली, टोलच्या जुन्या पावत्यांबरोबर पडलेला असतो. गाडीबरोबर फुकट मिळतो म्हणून त्याला कुणी ग्रंथ म्हणत नाही. पण सोलापुरात ज्या ज्या दारात चारचाकी उभी आहे, त्या त्या घरात हे पुस्तक आहे. ज्ञानेश्वरी प्रत्येक घरात असेलच असं नाही. (हशा) आणि घरात असून न वाचलेल्या पुस्तकांचा क्रम लावायचा ठरवलं, तर पहिला नंबर याचाच लागेल.

या पुस्तिकेतलं एकच प्रकरण आज घेऊ : इंजिन ऑईल कधी बदलायचं आणि कधी तपासायचं. त्यातलंही एकच वाक्य मध्यभागी ठेवू. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ते थोड्याफार फरकानं असं येतं : दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यापैकी जे आधी होईल तेव्हा तेल बदलावं. आकडा गाडीगणिक बदलतो, रचना तीच राहते.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर निघायचंय ते मोकळे होतील. हे वाक्य उत्तम आहे. पण ते ज्या पानावर छापलंय त्या पानाची मांडणी सदोष आहे, आणि त्या दोषाची किंमत पान लिहिणारा देत नाही, गाडी चालवणारा देतो. एवढंच आज सिद्ध करायचं आहे.

आता तेल करतं काय, हे आधी पाहू. आपण म्हणतो, तेलानं भाग गुळगुळीत राहतात. हे अर्धं खरं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात ब्यूचॅम्प टॉवर नावाचे एक अभियंते रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला म्हणून त्यांनी बेअरिंगच्या वरच्या बाजूला एक भोक पाडलं. आस फिरायला लागला आणि तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर उसळून बाहेर यायला लागलं. त्यांनी भोकात बूच बसवलं, तर तेलानं बूच ढकलून दिलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. म्हणजे फिरणारा आस आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा मोठा दाब तयार होत होता आणि तो दाबच सगळा भार उचलून धरत होता. पुढे १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. तात्पर्य काय, तर चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग हे दोन धातू एकमेकांना जवळजवळ शिवतच नाहीत. मध्ये केसाहून बारीक असा तेलाचा थर असतो आणि सारा डोलारा त्या थरावर तरंगत असतो.

यंत्रमागाच्या या शहरात हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. मागाला तेल दिलं नाही तर तो आधी आवाज करतो, मग तापतो, मग अडतो. जुन्या गिरण्यांत तर मशीनला तेल देणं हे एका स्वतंत्र कामगाराचं काम असे. त्याचा पगार तुटपुंजा, पण तो एक पाळी आला नाही तर खात्याला ते जाणवे.

गाडीतलं तेल याखेरीज आणखी चार कामं करतं. उष्णता वाहून नेतं, पिस्टनच्या रिंगांशी फट बुजवतं, गंज रोखतं आणि काजळी स्वतःच्या अंगावर घेऊन इंजिन आतून साफ ठेवतं. ही कामं करता करता ते झिजतं. उष्णतेनं त्याचं ऑक्सिडेशन होतं. जळणातून तयार होणारी आम्लं मारायला त्यात जी द्रव्यं मिसळलेली असतात, ती हळूहळू खर्ची पडतात. न जळलेलं इंधन, पाण्याची वाफ आणि धूळ त्यात उतरत राहते. म्हणजे तेल नुसतं ‘घाण’ होत नाही, ते खर्च होतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपलं वाक्य. यात दोन घड्याळं आहेत. एक किलोमीटरचं, एक कॅलेंडरचं. ‘यापैकी जे आधी’ या तीन शब्दांत त्यांची सांगड घातलेली आहे, आणि इथं वाक्य लिहिणाऱ्याला दाद द्यायला हवी. आमच्या वयाच्या अनेक मित्रांची गाडी जुळे सोलापुरातून निघते, भाजी घेते, सिद्धेश्वराचं दर्शन घेते आणि परत येते. वर्षाला दोन हजार किलोमीटर होत नाहीत. ते म्हणतात, दहा हजार व्हायला अजून चार वर्षं आहेत, तेल कशाला बदलू? त्यांनी वाक्याचा पूर्वार्ध वाचला आणि उत्तरार्ध सोडला. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून निर्माण झालेलं पाणी आणि कच्चं पेट्रोल तेलात उतरतं ते उडून जायला वेळच मिळत नाही. कमी चाललेली गाडी म्हणजे कमी झिजलेलं तेल, हा समज त्यामुळे टिकत नाही. कॅलेंडरचं घड्याळ या लोकांसाठीच लावलेलं आहे.

काही जण विचारतात, दहा हजार एकाव्या किलोमीटरला असं काय होतं? प्रश्न जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिलेटसच्या युब्युलिडीसनं ढिगाऱ्याचं कोडं घातलं होतं. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढा, तरी राहतो. मग तो ढीग राहत नाही तो नेमक्या कोणत्या दाण्याला? उत्तर असं, की निसर्गात अशी रेघ नसते, पण व्यवहाराला रेघ लागते. मतदानाचं वय १९८९ मध्ये एकवीसवरून अठरावर आणलं. त्या वर्षी तरुणांच्या मेंदूत काही बदल झाला म्हणून नव्हे. कुठंतरी रेघ मारावी लागते आणि ती विचार करून मारावी लागते. दहा हजार हा आकडा तसाच आहे. त्यात सुरक्षिततेसाठी थोडी जागा सोडलेली असते. दोनशे किलोमीटर जास्त झाले म्हणून इंजिन बसत नाही. पण ‘दोनशेनं काही होत नाही’ हे वाक्य दर दोनशे किलोमीटरला म्हणत राहिलं, की माणूस अठरा हजारावर पोचतो आणि त्याला वाटतं आपण तर्कशुद्ध वागलो. ढिगाऱ्याच्या कोड्यानं फसणं म्हणतात ते हेच.

इथपर्यंत आम्ही पुस्तिकेच्या बाजूनं बोललो. आता विरुद्ध बाजू.

ते वाक्य एका मोठ्या तक्त्यात असतं. तक्ता ठळक, रेघा आखलेला. त्याच्या पुढे, बहुधा लहान अक्षरांत, दुसरा तक्ता असतो : वापर कठीण परिस्थितीत होत असेल तर तेल याहून लवकर बदलावं. कठीण परिस्थिती म्हणजे काय, त्याची यादी दिलेली असते. धुळीचे रस्ते. वारंवार छोट्या फेऱ्या. फार वेळ जागेवर इंजिन चालू ठेवणं. थांबत थांबत चालणारी वाहतूक. कडक उन्हाळा. जास्त ओझं. भाड्यानं चालवणं.

आता ही यादी घेऊन सोलापुरात या. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. धुळीचं काय सांगावं, सकाळी पुसलेल्या बॉनेटवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. उसाचा हंगाम सुरू झाला, की ट्रॉल्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये किती वेळ काढायचा ते आपल्या हातात नसतं. सात रस्त्याला संध्याकाळी काय असतं ते तुम्ही जाणता. आणि तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर अशा फेऱ्या मारणारी भाड्याची गाडी : सात माणसं, वर कॅरिअरवर सामान, भक्त दर्शनाला गेले की मागे राहिलेल्या आजींसाठी एसी चालू ठेवून इंजिन तासभर जागेवर गुरगुरतंय. यादीतल्या सात अटींपैकी किती जमल्या? (हशा)

म्हणजे पुस्तिकेनं ज्याला अपवाद म्हटलं तो इथला नियम आहे, आणि ज्याला ‘सामान्य वापर’ म्हटलं तो इथं अपवादानंच सापडतो. तर्कशास्त्रात आम्ही शिकवत असू, की अपवाद नियमापेक्षा मोठा झाला तर नियम चुकीचा मांडलेला आहे. पण हा नुसता तर्कदोष नाही, यात नीतीचाही प्रश्न आहे. ठळक आकडा विक्रीच्या कामाचा असतो : आमच्या गाडीला देखभाल कमी लागते. लहान अक्षरं बचावाच्या कामाची असतात : आम्ही सांगितलं होतं, तुम्ही वाचलं नाही. एकाच पानावर दोन्ही फायदे घेतलेले आहेत. उद्या इंजिनात बिघाड झाला, तर वॉरंटीसाठी देखभालीच्या नोंदी मागितल्या जातात. ‘कठीण परिस्थिती’ कुणाची आणि कधी सुरू झाली, हे ठरवायचं ओझं मात्र ज्यानं ती यादी कधी पाहिलीच नाही त्याच्या डोक्यावर राहतं.

याहून प्रामाणिक मांडणी शक्य आहे का? आहे, आणि ती आपल्या बांधावरच उभी आहे. ट्रॅक्टरवाल्याला विचारा, तेल कधी बदलता? तो किलोमीटर सांगत नाही, तास सांगतो. ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं, कारण नांगरताना चाक फिरो न फिरो, इंजिन राबत असतं. जनरेटरचंही तेच. मोटारीत हे तिसरं घड्याळ नाही, म्हणून तासभर गुरगुरणारं इंजिन किलोमीटरच्या हिशेबात शून्य धरलं जातं. किलोमीटर हे श्रमाचं माप नव्हे. श्रमाच्या जवळपास जाणारं, मोजायला सोपं म्हणून निवडलेलं ते एक चिन्ह आहे. काही गाड्यांत तेलाचं उरलेलं आयुष्य दाखवणारी सोय असते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सनं ती अमेरिकेत आणली. इंजिनाचे फेरे आणि तापमान पाहून ती हिशेब करते. किलोमीटरपेक्षा ती नक्कीच शहाणी. तरी तीही बहुधा अंदाज बांधते, तेल चाखून पाहत नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि आमच्या मते हा अधिक मोठा. ‘बदलणं’ आणि ‘पाहणं’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पुस्तिकेत दोन्ही सांगितलेल्या असतात, पण बदलण्याला तक्ता आहे आणि पाहण्याला एक ओळ. परिणाम असा, की वेळेवर तेल बदलणारा माणूस वर्षभर बॉनेट उघडत नाही.

हिशेब करून बघू. समजा इंजिनात साडेतीन लिटर तेल बसतं. इंजिन थोडं जुनं आहे आणि हजार किलोमीटरला दोनशे मिलिलिटर तेल जाळतं. हे काही फार नाही. पाच हजार किलोमीटरला एक लिटर गेलं. बऱ्याच गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण लिटरभराचंच अंतर असतं, म्हणजे इथंच आपण खालच्या खुणेवर आलो. दहा हजारला दोन लिटर गेलं, उरलं दीड. या माणसानं नियम तंतोतंत पाळलेला आहे आणि नियम पाळता पाळता त्याचं इंजिन कोरडं पडत चाललंय. नव्या तेलाची तारीख पाळून जुन्या तेलाची पातळी कळत नाही.

आपल्या न्यायदर्शनानं ज्ञानाची चार साधनं सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पुस्तिका हे शब्दप्रमाण. डिपस्टिक हे प्रत्यक्ष. गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन गरम करून बंद करा आणि तुमच्या पुस्तिकेत सांगितली असतील तितकी मिनिटं थांबा, म्हणजे तेल खाली उतरतं. कांडी ओढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, पुन्हा ओढा. पहिल्यांदा दिसतं ते खरं नसतं, कारण तेल उडून कांडीला लागलेलं असतं. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. वरच्या खुणेच्याही वर नको. जास्त झालं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाचा थर भार उचलत नाही. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी एकदा, एवढं पुरे आहे.

आता अनुमान. लोक कांडी ओढतात, तेल बोटावर घेतात आणि म्हणतात, काळं झालंय, बदला. नैयायिकांचं प्रसिद्ध उदाहरण आठवा. डोंगरावर धूर दिसला तर तिथं आग आहे असं म्हणता येतं. पण आग आहे म्हणून धूर असणारच, असं उलटं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं इंधन ही जादा अट लागते. या जादा अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. तेलाच्या काळेपणाचं तेच आहे. डिझेल गाडीत नवं तेल काहीशे किलोमीटरमध्येच काळं पडतं, कारण ते काजळी धरून ठेवण्याचं आपलं काम करतंय. उलट सीएनजी गाडीत तेल खूप दिवस स्वच्छ दिसतं, कारण काजळी फारशी होत नाही. पण त्यातली गुणकारी द्रव्यं खर्ची पडतच असतात. एकीकडे काळं असून चांगलं, दुसरीकडे स्वच्छ असून संपलेलं. असा हेतू दोन्हीकडे फिरतो, त्याला ‘सव्यभिचार’ म्हणतात. तो हेत्वाभास आहे, प्रमाण नाही. म्हणूनच मघाशी म्हटलं, तेल घाण होतं त्याहून ते खर्च होतं, आणि खर्च डोळ्यांना दिसत नाही. इथं शब्दप्रमाणाला, म्हणजे पुस्तिकेला, पर्याय नाही.

पण काही हेतू पक्के असतात. कांडीवर दुधाळ, कॉफीसारखं तेल दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. सायलेन्सरमधून निळसर धूर आणि पातळीही उतरतेय, तर तेल जळतंय. आणि एक नवा प्रकार. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. त्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ करायला जास्तीचं डिझेल मारून काजळी जाळली जाते. छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते आणि थोडं डिझेल तेलात उतरतं. मग कांडीवर पातळी वाढलेली दिसते. माणूस खूश होतो, गाडी तेल खात नाही उलट देतेय! (हशा) ते तेल पातळ झालेलं असतं आणि भार उचलायचा तो थर कमजोर झालेला असतो. पातळी वाढणं ही घटण्याइतकीच वाईट बातमी आहे, हे किती जणांना कुणी सांगितलं?

डॅशबोर्डवरच्या लाल किटलीबद्दल एकच सांगतो. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. ‘मोहोळपर्यंत जाऊ, मग बघू’ असं त्या दिव्याला म्हणता येत नाही. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा.

शब्दप्रमाणाचा आणखी एक प्रश्न उरतो : शब्द कुणाचा? पुस्तिका दहा हजार म्हणते. गॅरेजवाला काचेवर पाच हजारचं स्टिकर चिकटवतो. एकजण म्हणतो सोलापूरची हवा गरम, जाड तेल घाला. डब्यावर लिहिलेलं असतं पाच-डब्ल्यू-तीस. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती प्रवाही आहे ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावर किती घट्ट राहतं ते. अमेरिकेत १९११ पासून ही वर्गवारी चालत आलीय. आजच्या इंजिनांत फटी अरुंद असतात आणि तेलाच्या दाबावर व्हॉल्व्हची वेळही बदलते. नेमून दिलेल्यापेक्षा जाड तेल सकाळी गाडी सुरू करताना वर पोचायला वेळ लावतं आणि बरीचशी झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होते. तेव्हा दर्जा पुस्तिकेचा पाळा. डिझेलच्या फिल्टरवाल्या गाडीत तर कमी राख सोडणारंच तेल लागतं, नाहीतर फिल्टर राखेनं भरतो.

मग गॅरेजवाल्याचं ऐकायचंच नाही का? इथं वात्स्यायन मदतीला येतो. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात त्यानं आप्त कोण ते सांगितलंय : ज्यानं गोष्ट स्वतः पडताळलेली आहे आणि जशी पाहिली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू पडते, असंही तो स्पष्ट म्हणतो. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य आम्हाला फार मोलाचं वाटतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत हात काळे करून बसलेला मिस्त्री, ज्यानं उघडलेली इंजिनं डोळ्यांनी पाहिलीत, तो आप्त असू शकतो. पण दोन अटी आहेत, ज्ञान आणि निर्लोभ सांगणं. पाच हजारचं स्टिकर लावताना त्यानं विचारलं का, गाडी कुठं चालते, किती माणसं बसतात, जागेवर किती वेळ चालू असते? विचारलं असेल तर त्याचा पाच हजार हा पुस्तिकेच्या दुसऱ्या तक्त्याचा खरा अर्थ आहे. न विचारता सगळ्यांना एकच स्टिकर लावत असेल, तर तो आप्त नव्हे, विक्रेता.

या विषयावर ज्याचं नाव हटकून घेतलं जातं ते पुस्तक म्हणजे रॉबर्ट पिर्सिगचं १९७४ सालचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. हा माणूस बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकून गेला होता आणि पोटासाठी यंत्रांच्या पुस्तिका लिहीत होता. यंत्राची काळजी घेणं आणि मनाची काळजी घेणं एकच, असं तो सांगतो. पुस्तक थोर आहे. पण त्यातला माणूस सुट्टीवर निघालेला आहे. त्याला वेळ आहे. आपल्या भाड्याच्या गाडीवाल्याला नाही. पहाटे चारला गाणगापूरला निघायचं, रात्री परतायचं, हप्ता पाच तारखेला. त्याला झेन नको, त्याच्या भाषेत लिहिलेलं एक सरळ पान हवंय. इंजिन उतरवायची वेळ आली तर त्याची महिन्याची नव्हे, वर्षाची कमाई जाते.

आणि भाषेचा मुद्दा इथंच येतो. वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले, १८८२ साली. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. त्यांच्या त्या कंपनीची पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली शेवटची रस्त्यावरून उतरली. देशात मोटार बनवायचं स्वप्न पाहिलं ते या गावच्या माणसानं. पण आज कप्प्यातली पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. जो वाचू शकतो त्याची गाडी सर्व्हिस सेंटरला जाते. ज्याला वाचायची खरी गरज आहे त्याला ती वाचता येत नाही.

एक शेवटची गोष्ट, जी या पानावर नीट येतच नाही : काढलेल्या तेलाचं काय? कायद्यानं वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांत ते आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर ते परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारीही टाकलीय. तरी काळं ऑईल गटारात जातं, वाळवीसाठी दाराच्या चौकटीला फासलं जातं, भट्टीत जळतं. म्हणून ‘लवकर बदललेलं कधीही चांगलं’ हेही आम्हाला मान्य नाही. विनाकारण बदललेलं चार लिटर तेल म्हणजे विनाकारण तयार केलेला चार लिटर कचरा.

तेव्हा ते पान कसं असावं? वर प्रश्न असावेत, खाली आकडे. तुमची गाडी धुळीत चालते का? रोजच्या फेऱ्या पाच किलोमीटरच्या आत आहेत का? जागेवर इंजिन चालू ठेवता का? भाड्यानं चालवता का? एकालाही ‘हो’ आलं तर लहान आकडा, तोच ठळक. सगळ्यांना ‘नाही’ आलं तरच मोठा आकडा. आणि पाहण्याला बदलण्याइतकीच जागा, महिन्याची चौकट आखून. मराठीत. हे व्हायला नवं संशोधन लागत नाही. सगळी माहिती आत्ताही त्याच पुस्तिकेत आहे, फक्त उलट्या क्रमानं छापलेली आहे.

आमचं बोलणं संपलं. प्रश्न असतील तर घेऊ.

एक श्रोता : सर, माझी सीएनजी गाडी आहे, भाड्यानं चालते. तेल दहा हजारलाही स्वच्छच दिसतंय. कंपनीत विचारलं तर म्हणतात पुस्तकाप्रमाणे करा. मग काय करू?

तुम्ही पुस्तकाप्रमाणेच करा, पण दुसऱ्या तक्त्याप्रमाणे. तुमचा वापर त्या यादीत बसतो. स्वच्छ दिसण्यावर जाऊ नका, ते आत्ताच सांगितलं. तो तक्ता त्यांच्यासमोर उघडा, त्यावर बोट ठेवा आणि विचारा, मी यात येतो की नाही? जे उत्तर देतील ते जॉब कार्डवर लिहून मागा. तारीख आणि किलोमीटर घालून बिल जपून ठेवा. उद्या वाद झालाच, तर तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

एक श्रोत्या : सर, आमचे हे वारले, गाडी दोन वर्षं उभीच आहे. चालवलीच नाही, तरी तेल बदलायचं?

होय ताई. बदलायचं. चालवायच्या आधी बदलायचं. कॅलेंडरचं घड्याळ उभ्या गाडीलाही लागू आहे. आणि विकायचा विचार असेल तरी कांडी ओढून पातळी तेवढी पाहून घ्या. मिस्त्रीला बोलवायची गरज नाही, तुम्हीच पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.